यादीच्या तळाशी राहिलेले गेज : उद्यमबागेतील एका कारखान्याचे प्रकरण

हे प्रकरण एका शनिवारी न निघालेल्या मालाचे आहे. माल तयार होता, गाडी दारात उभी होती, चलन लिहून झाले होते आणि ज्या पार्टीला माल जायचा होता तिचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. तरीही माल निघू शकला नाही, कारण भोकाचे माप तपासण्याच्या प्लग गेजच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि वैध गेजशिवाय केलेली तपासणी ती पार्टी मान्य करत नाही. गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याची अचूकता तपासून घ्यायला, पाठवण्याचे काम आमच्या संगणकावरील यादीत चाळीस दिवसांपूर्वीच नोंदवलेले होते. फक्त त्रेसष्ट कामांच्या त्या यादीत ते त्रेसष्टावे होते. ते तिथे का राहिले, हे शोधताना कामांची यादी सांभाळणारे सॉफ्टवेअर क्रम कसा लावते हे मला मुळापासून समजून घ्यावे लागले. तो शोध इथे मांडत आहे. कारखान्याचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉप यांची जी दाटी आहे, तिच्यात माझ्या मामांचा कारखाना आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग अशी कामे जॉब वर्कवर करतो. दोन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे), तीन जुने लेथ, एक रेडिअल ड्रिल आणि अठरा माणसे एवढा आमचा पसारा. ऑफिस, बिले, चलने आणि कामांचे नियोजन माझ्याकडे असते. यादीत यंत्रावरची कामे असतातच. त्यांच्या जोडीला जीएसटीचे रिटर्न, कूलंट ऑइलची खरेदी, बेल्ट बदलणे, पार्टीकडून सुधारित ड्रॉइंग मागवणे, गेज पाठवणे अशी न दिसणारी कामेही असतात, आणि प्रकरणाचे मूळ बरेचसे या दुसऱ्या प्रकारच्या कामांत आहे.

सॉफ्टवेअर येण्यापूर्वी कामांचा क्रम मिस्त्रीकाका ठरवत. सकाळी फाटकाशी फळ्यावर खडूने पाच-सहा ओळी लिहिल्या जात आणि बाकीची यादी त्यांच्या डोक्यात असे. ते येळ्ळूरचे, भाताच्या रोपलावणीला आठवडाभर रजेवर गेले की कारखान्यात कोणते काम आधी घ्यायचे यावरून रोज वाद होत. तेव्हा मामा मला म्हणाले, "यादी अशी कर, की मिस्त्री नसले तरी पोरांना कळलं पाहिजे." मी टास्कवॉरियर हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. ते 2008 पासून उपलब्ध आहे, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालते, लिनक्स घातलेल्या जुन्या संगणकावरही नीट चालते आणि देवनागरीत लिहिलेली कामे स्वीकारते. निवडीचे खरे कारण मात्र वेगळे होते. प्रत्येक कामाला ते तातडीचे गुण देते, त्या गुणांनुसार यादी लावते आणि एखाद्या कामाला इतके गुण का मिळाले याची फोड मागितल्यास दाखवते. ही फोड नसती तर हा लेख लिहिताच आला नसता.

शनिवारच्या आधीच्या मंगळवारी छापून फाटकाशी लावलेली यादी माझ्याकडे अजून आहे. तिच्यात शनिवारी जायचा तो हाउसिंगचा लॉट डिस्पॅच करणे हे काम वरच्या पाचात होते, पण पहिले नव्हते. त्याच्या वर स्टोअरमधील जुन्या कपाटाला रंग देण्याचे काम होते. शनिवारी ज्याच्यावाचून गाडी रिकामी परत गेली, ते गेज सर्वांत खाली होते. कपाट वर आणि गेज तळाला हा क्रम कारखान्यातल्या कोणत्याही माणसाने लावला नसता.

टास्कवॉरियरचा हिशेब बेरजेचा आहे. कामाच्या प्रत्येक गुणधर्माला एक गुणांक ठरलेला असतो आणि कामाला जे गुणधर्म लागू होतात त्यांचे गुण एकमेकांत मिळवले जातात. प्राधान्याच्या तीन पायऱ्या आहेत : एच (उच्च) असेल तर 6.0, एम (मध्यम) असेल तर 3.9, एल (कमी) असेल तर 1.8. काम एखाद्या प्रोजेक्टखाली नोंदवलेले असेल तर 1.0 मिळतो. काम सुरू केले अशी नोंद केली तर 4.0 मिळतात, जेणेकरून हातातले काम अर्धवट टाकून दुसरे घेण्याचा मोह कमी व्हावा. काम दुसऱ्या कामाला अडवून बसले असेल तर 8.0 मिळतात आणि स्वतःच दुसऱ्या कामामुळे अडले असेल तर 5.0 वजा होतात. 'नेक्स्ट' हा खास टॅग लावला तर एकदम 15.0 मिळतात. हे सगळे आकडे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ठेवलेले मूळचे आकडे आहेत आणि ते प्रत्येकाला बदलता येतात. पहिले आठ महिने मी त्यांतला एकही बदलला नव्हता, हे आधीच नमूद करायला हवे.

मुदतीच्या तारखेचा हिशेब समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि आमची पहिली चूक तिथेच होती. मुदतीचा गुणांक 12.0 आहे, पण तो पूर्ण मिळायला वेळ लागतो. मुदत चौदा दिवस किंवा त्याहून लांब असेल तर त्याचा फक्त पाचवा हिस्सा, म्हणजे 2.4, मिळतो. तिथून रोज सारख्या पावलाने गुण चढतात. मुदतीच्या दिवशी ते 8.8 होतात आणि मुदत उलटून सात दिवस झाले की पूर्ण 12.0 होतात. त्यानंतर चढणे थांबते. म्हणजे या हिशेबाला तीन आठवड्यांचीच नजर आहे : दोन आठवडे पुढची आणि एक आठवडा मागची. एक महिन्याने येणारी आणि सहा महिन्यांनी येणारी मुदत त्याच्या लेखी सारखीच असते, आणि आठवडाभर रखडलेले काम व तीन महिने रखडलेले काम यांतही त्याला फरक दिसत नाही.

आता कपाटाकडे पाहू. वहीतली कामे संगणकावर उतरवताना ऑफिसातल्या ताईंनी प्रत्येक कामाला कोणती ना कोणती तारीख दिली होती, कारण तारखेची जागा रिकामी ठेवणे त्यांना अपुऱ्या नोंदीसारखे वाटले. आणि जिथे प्राधान्य काय द्यावे हे कळले नाही तिथे त्यांनी मधले म्हणून एम दिले होते. कपाटाची तारीख तीन महिन्यांपूर्वीच उलटली होती. मुदतीचे 12.0, एमचे 3.9, प्रोजेक्टचा 1.0 आणि नोंद जुनी झाल्याबद्दलचे 0.5 मिळून कपाटाचे 17.4 गुण झाले. हाउसिंगच्या डिस्पॅचची मुदत मंगळवारी चार दिवसांवर होती, त्यामुळे मुदतीचे 7.0, एचचे 6.0 आणि प्रोजेक्टचा 1.0 मिळून त्याचे 14.0 झाले. म्हणजे मामांनी स्वतः एच सांगितलेल्या कामाच्या वर कोणीही मनावर न घेतलेली एक तारीख जाऊन बसली. उशीर झाल्याने कोणाचेही नुकसान होत नव्हते, तरी सॉफ्टवेअरला ते कळण्याचा मार्ग नव्हता. तारीख दिली आहे म्हणजे ती पाळायची आहे, एवढेच त्याला माहीत होते.

तारखांचे स्वभाव वेगवेगळे असतात आणि चढत्या सरळ रेषेत ते मावत नाहीत, हे जीएसटीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-3बी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचे असते. 19 तारखेला ते भरले काय आणि 12 तारखेला भरले काय, विलंबाचा खर्च शून्य. 21 तारीख उजाडली की रोजचे 50 रुपये विलंब शुल्क लागू होते आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्क्यांनी व्याज धावू लागते. म्हणजे नुकसानीचा आलेख 20 तारखेपर्यंत सपाट आहे आणि तिथे कड्यासारखी पायरी आहे. टास्कवॉरियरच्या मूळ हिशेबात मात्र, प्रोजेक्टखाली नोंदवलेले पण प्राधान्य न दिलेले हे रिटर्न 20 तारखेला 9.8 गुणांवर असते आणि सात दिवसांनी, म्हणजे शुल्क सुरू होऊन आठवडा झाल्यावर, 13.0 वर जाते. आमचे रिटर्न कधी चुकले नाही ते केवळ कर सल्लागारांचा फोन वेळेवर येतो म्हणून. यादीने त्यात काही हातभार लावला होता असे मला म्हणता येणार नाही.

गेजच्या नोंदीत तारीख नव्हती, प्राधान्य नव्हते, प्रोजेक्ट नव्हता. त्याला एकच गोष्ट लागू होती : नोंदीचे वय. काम जुने होत जाईल तसे त्याला थोडे गुण मिळतात, पण एक पूर्ण वर्ष पडून राहिल्यावर मिळणारे कमाल गुण 2.0 आहेत. चाळीस दिवसांचे 0.2 झाले. संगणकाच्या कार्यप्रणालीतही हीच युक्ती वापरतात : कमी प्राधान्याचे काम कायम मागे पडत राहू नये म्हणून वाट पाहण्याच्या काळानुसार त्याचे प्राधान्य हळूहळू वाढवले जाते. आमच्या यादीत ही वाढ इतकी मंद होती की गेजला कपाटापर्यंत पोहोचायला आयुष्य पुरले नसते.

शनिवारी दुपारी गाडी परत पाठवल्यावर मिस्त्रीकाका यादीसमोर उभे राहून म्हणाले, "गेज न्हाई तर माप कशानं घ्यायचं ओ? हे दोन्ही एकच काम हाय की." माझ्या यादीत ती दोन वेगवेगळी कामे होती आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते. मिस्त्रीकाका डिस्पॅच हा शब्द ऐकतात तेव्हा तपासणी, तपासणीचे गेज, गेजचे प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्राची तारीख ही साखळी त्यांच्या डोळ्यांसमोर आपोआप उभी राहते. सॉफ्टवेअरला ती साखळी कोणीतरी सांगावी लागते.

नेमकी हीच रचना एका फार मोठ्या यंत्रणेतही घडून गेली आहे आणि तिचा उल्लेख इथे केल्याशिवाय राहवत नाही. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर हे नासाचे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःला नव्याने सुरू करू लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक सामायिक साधन ताब्यात घेतलेले असे. उच्च प्राधान्याच्या कामाला तेच साधन हवे असे, म्हणून ते थांबे. आणि मधल्या प्राधान्याचे संदेशवहनाचे काम कमी प्राधान्याच्या कामाला पुढे सरकू देत नसे. अशा रीतीने अधिक महत्त्वाचे काम मधल्या कामामागे अडकून राही, आणि ठरलेल्या वेळात काम झाले नाही असे पाहून संगणकावर देखरेख ठेवणारी व्यवस्था सगळे बंद करून पुन्हा सुरू करी. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून एक सोय चालू केल्यावर हा दोष गेला. ती सोय प्राधान्याच्या वारशाची होती : ज्याच्यामुळे मोठे काम अडले आहे त्या लहान कामाला, अडथळा दूर होईपर्यंत, मोठ्या कामाचेच प्राधान्य मिळते. आमच्याकडे गेज हे कमी प्राधान्याचे काम, डिस्पॅच हे सर्वोच्च, आणि मध्ये एम लावलेल्या कपाटासारख्या चाळीसएक कामांची गर्दी. प्रमाण वेगळे असले तरी घडण तीच आहे.

टास्कवॉरियरमध्येही अशा वारशाची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. त्यामुळे त्या शनिवारनंतर मी केवळ अवलंबन नोंदवले असते, म्हणजे डिस्पॅच गेजवर अवलंबून आहे एवढे सांगितले असते, तर काय झाले असते हे आधी तपासले. गेजला अडवण्याचे 8.0 मिळून त्याचे 8.2 झाले असते. डिस्पॅचमधून अडल्याचे 5.0 वजा होऊन त्याचे 9.0 उरले असते. गेज त्रेसष्टाव्या जागेवरून बरेच वर आले असते, पण डिस्पॅच खाली घसरले असते आणि कपाट 17.4 गुणांनी दोघांच्याही डोक्यावर कायम राहिले असते. वारसा चालू केला आणि अडवण्याचे व अडल्याचे दोन्ही गुणांक शून्य केले, तर डिस्पॅच 14.0 वर राहते आणि गेज त्याच्या किंचित वर येऊन बसते. वारशाबरोबर हे दोन गुणांक शून्य ठेवावेत, असे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही सुचवलेले आहे. मी तसेच केले.

तरीही एक उणीव राहते आणि ती मिस्त्रीकाकांच्या उलट्या हिशेबाने दाखवून दिली. गेज प्रयोगशाळेत जाऊन परत यायला चार दिवस लागतात. शनिवारी माल निघायचा असेल तर गेज मंगळवारी सकाळी बाहेर पडलेच पाहिजे. बुधवारी ते यादीत पहिले आले तरी उपयोग नाही. वारशाने गुण मिळतात, तारीख मिळत नाही. म्हणून जे काम बाहेर पाठवावे लागते, म्हणजे गेज, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, त्याची स्वतःची मुदत मागे मोजून वेगळी लिहायची असे आम्ही ठरवले. ऑर्डर मुदतीच्या दहा दिवस आधी नोंदवली होती. त्याच दिवशी अवलंबन लिहिले असते तर डिस्पॅचच्या 11.2 गुणांसह गेज त्या दिवशीच वरच्या ओळींत दिसले असते आणि हाताशी सहा दिवस अधिक असते.

याच काळात घडलेली दुसरी घटना आमच्या भागातल्या भाषांशी संबंधित आहे. स्टोअर सांभाळणारे अण्णा बैलहोंगलचे. ते मराठी सहज बोलतात, पण चिठ्ठी कन्नडमध्ये लिहितात. ऑफिसातल्या ताई खानापूर तालुक्यातल्या. मराठी माध्यमात शिकल्या आणि शाळेत कन्नड शिकल्यामुळे त्या चिठ्ठ्या वाचून यादीत देवनागरीत उतरवतात. अण्णांनी एकदा लिहिले : कूलंट ऑइल, तुर्तु. कन्नडमध्ये तुर्तु म्हणजे तातडीचे. आणीबाणीलाही तिथे हाच शब्द जोडतात. ताईंनी तो ओळखीचा वाटल्याने 'तूर्त' असा टॅग करून लिहिला. छापील यादीत सीएनसीवरच्या मुलाने वाचले : कूलंट ऑइल, तूर्त, आणि तूर्तास पुरेल इतके आहे असा अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र अर्धी पाळी बंद राहिले. कोणाचाही हलगर्जीपणा त्यात नव्हता. एकाच मुळाचे दोन शब्द दोन भाषांत उलट दिशांना गेलेले आहेत आणि आमची यादी त्या दोन्हींच्या मधून जात होती.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर हा दोष आणखी खोल आहे. टास्कवॉरियर टॅगचा अर्थ पाहत नाही. कोणताही एक टॅग असला की 0.8, दोन असले की 0.9, तीन किंवा अधिक असले की 1.0, एवढाच त्याचा हिशेब. टॅग असणे म्हणजे माणसाने त्या कामाकडे थोडे तरी लक्ष दिले आहे, हा त्यामागचा तर्क. त्यामुळे तूर्त या टॅगने तातडी सांगितली काय किंवा सवड सांगितली काय, गुण सारखेच पडले असते. ताजी नोंद, तारीख नाही, प्रोजेक्ट नाही. कूलंटचे गुण एकूण 0.8. माणसांचा गैरसमज झाला नसता तरी ते यादीत तळालाच राहिले असते.

यावर उपाय म्हणून आम्ही तातडी दाखवणारे सगळे शब्द टॅगमधून काढून टाकले. अर्जंट हा शब्द आमच्याकडे मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे सगळेच वापरतात आणि सगळेच इतक्या वेळा वापरतात की त्याने काही वेगळे कळत नाही. त्याऐवजी काम न झाल्यास काय थांबेल हे सांगणारे टॅग ठेवले : मशीनबंद, गाडीबंद, पगारबंद. टॅगला स्वतंत्र गुणांक देता येतो, तो मशीनबंदला 10.0 दिला. आता अण्णा चिठ्ठीवर किती घाई आहे हे लिहीत नाहीत; कोणते यंत्र कधी थांबेल हे लिहितात. हा बदल सर्वांत कमी वेळात रुळला. माझ्या मते सगळ्या बदलांत हाच सर्वांत मोलाचा आहे, कारण घाई प्रत्येकाची वेगळी असते, पण थांबलेले यंत्र सगळ्यांना सारखेच दिसते.

बाकीचे बदल थोडक्यात सांगतो. उशीर झाल्यास कारखान्याबाहेरच्या कोणाला तरी भुर्दंड किंवा खोळंबा होणार असेल, अथवा काम बाहेर पाठवायचे असेल, तरच मुदतीची तारीख लिहायची. इतर तारखा पुसल्या. नुसता मधला म्हणून दिलेला एम काढला. एच एका वेळी तीन कामांनाच आणि नेक्स्ट एकाच कामाला, असे ठरवले. त्यापूर्वी मामांच्या प्रत्येक फोननंतर एक नेक्स्ट लागत असे आणि एका आठवड्यात नऊ कामांना तो लागलेला होता, तेव्हा ती नऊ कामे आपसांत पुन्हा बाकीच्या गुणांवरच झगडत होती. जीएसटीची मुदत 20 ऐवजी 13 लिहायला सुरुवात केली, म्हणजे 20 तारखेला तिचे गुण पूर्ण चढलेले असतात. नियम बदलून त्याच मंगळवारची यादी पुन्हा लावली तेव्हा गेज पहिले आले, डिस्पॅच दुसरे आले आणि कपाट 1.5 गुणांनी तळाजवळ गेले.

इतर सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आला नसता का, असे मला मामांनी विचारले. मी त्यासाठी काही पर्याय पाहिले. टूडूइस्टमध्ये प्राधान्याच्या चार पायऱ्या आहेत आणि यादी प्राधान्याने किंवा तारखेने लावता येते. जीना ट्रपानी यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या टूडू डॉट टीएक्सटी या पद्धतीत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात ए ते झेडपैकी अक्षर लिहितात आणि ओळी वर्णानुक्रमे लावल्या की प्राधान्यक्रम तयार होतो. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये महत्त्वाच्या कामाला तारा लावतात आणि आजची कामे माणूस स्वतः निवडून वेगळी ठेवतो. या पद्धतींत बेरीज नाही, त्यामुळे कपाट डिस्पॅचच्या वर अशा आडवाटेने चढले नसते हे खरे. पण ज्या गेजवर कोणीच अक्षर वा तारा लावला नाही, ते तिथेही तळाशीच राहिले असते. क्रम माणसाने सांगितलेल्या खुणांवर लागतो. खुणा बेरजेत घातल्या की त्यांतल्या चुका एकमेकींत मिसळतात, वेगळ्या ठेवल्या की उघड्या दिसतात, एवढाच फरक मला आढळला. फोड पाहता येते म्हणून मी बेरजेच्या बाजूने राहिलो.

आणखी एक गोष्ट कोणत्याच पर्यायाच्या नेहमीच्या क्रमात धरलेली मला आढळली नाही : काम किती वेळाचे आहे. मिस्त्रीकाकांची सवय अशी, की दोन कामे सारख्याच महत्त्वाची असतील तर छोटे आधी उरकायचे. मी याला केवळ सवय समजत होतो. पण सहा तासांचे आणि एक तासाचे अशी दोन कामे घेतली तर हिशेब सरळ आहे. मोठे आधी केले तर पहिल्या पार्टीचे काम सहा तासांनी आणि दुसरीचे सात तासांनी पूर्ण होते, दोघींची वाट मिळून तेरा तास. छोटे आधी केले तर एक आणि सात मिळून आठ तास, आणि मोठ्या कामाला फक्त एक तास उशीर. कामांचे महत्त्व वेगवेगळे असेल तर महत्त्वाला लागणाऱ्या वेळाने भागायचे आणि ज्याचा भागाकार मोठा ते आधी घ्यायचे, हा नियम स्मिथ यांनी 1956 मध्ये सिद्ध करून मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक्सन यांनी दाखवले होते, की सर्वांत जास्त उशीर झालेल्या कामाचा उशीर शक्य तितका कमी ठेवायचा असेल तर केवळ मुदतीच्या क्रमाने कामे घ्यावीत. दोन्ही नियम एका यंत्रापुरते बरोबर आहेत आणि दोन्ही एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत, कारण एकाचे उद्दिष्ट सगळ्यांची मिळून वाट कमी करणे हे आहे आणि दुसऱ्याचे उद्दिष्ट कोणा एकाला फार ताटकळत न ठेवणे हे. यांतले कोणते हवे हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. आम्ही जुन्या पार्ट्यांसाठी मुदतीचा नियम आणि मुदत नसलेल्या किरकोळ दुरुस्तीच्या कामांसाठी छोटे आधी हा नियम धरला आहे. टास्कवॉरियरमध्ये स्वतःचे रकाने वाढवता येतात आणि त्यांनाही गुणांक देता येतो, म्हणून तासांचा एक रकाना वाढवला. दोन तासांच्या आतील कामांना तो थोडे गुण देतो.

सेटिंगचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सीएनसीवर एक फिक्स्चर, म्हणजे काम पक्के धरून ठेवणारी पकड, उतरवून दुसरे चढवायला, जॉ बदलायला आणि पहिला पीस तपासून घ्यायला वेळ जातो. त्यामुळे एकाच फिक्स्चरवरची दोन कामे लागोपाठ घेणे फायद्याचे असते, मग त्यांच्यामध्ये यादीने तिसरेच काम का बसवलेले असेना. गुण प्रत्येक कामाला स्वतंत्रपणे मिळतात, पण सेटिंगचा वेळ आधी कोणते काम झाले यावर ठरतो, आणि असा जोडीचा हिशेब बेरजेत कसा घालायचा हे मला अजून जमलेले नाही. मिस्त्रीकाका रोज सकाळी छापील यादीवर पेनाने तीन-चार ओळी वर-खाली करतात. ते कागद मी फेकत नाही. कोणती ओळ हलवली आणि का, हे त्यांना विचारून कागदाच्या मागे लिहून ठेवतो. आतापर्यंतच्या कागदांत हलवलेल्या बहुतेक ओळींच्या मागे एकच शब्द आहे, फिक्स्चर. पुढच्या सुगीला ते गावी जातील त्याआधी फिक्स्चरचा रकाना यादीत यावा म्हणून माझे काम सध्या चालू आहे.